जुन्या संगणकाला स्मृति कां दिसत नाहीं?



कपाटांत दहा पुस्तकें ठेवावीं आणि मोजणारानें तीं पांचच आहेत असें सांगावें, तर संशय कोणाचा घ्यावयाचा? पुस्तकांचा, कपाटाचा, कीं मोजणाराचा? घरांतील जुन्या संगणकांत नवी स्मृति घालणाऱ्या पुष्कळ गृहस्थांपुढें नेमका हाच प्रश्न उभा राहतो. पट्टी चार जीबीची घेतली, पावतीवर चार लिहिलें आहे, पट्टीवरील चिठ्ठीहि चारच म्हणते. आणि पडद्यावर मात्र दोन दिसतात, किंवा कांहींच न दिसतां यंत्र नुसत्या शिट्ट्या मारीत बसतें. दुकानदार एकदां आंत डोकावतो, "बोर्ड गेला" असा निकाल देतो आणि लगेच नव्या यंत्राचा भाव सांगतो. हा निकाल खरा असण्याचा संभव आहेच. पण तो सर्वांत शेवटीं द्यावयाचा निकाल आहे, पहिल्यानें नव्हे. तेथें पोंचण्यापूर्वीं ज्या पायऱ्या आहेत, त्यांपैकीं बहुतेकींना एक पैसाहि खर्च येत नाहीं. त्या पायऱ्या कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमानें चढावयाच्या, हें आज सांगावयाचें आहे.

मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलों आणि निवृत्तीपर्यंत मुलांना गणित शिकविलें. त्यानंतर शेजाऱ्यांचीं जुनीं यंत्रें उघडून पाहण्याचा नाद लागला, तो एवढ्यासाठीं कीं या कामांत अनुमानाला जितका वाव आहे, तितका हातचलाखीला नाहीं. विषय आतांच निवडण्याचें कारण मात्र व्यावहारिक आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि 'विंडोज ११' ही प्रणाली जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांना दारांतहि उभें करीत नाहीं. तेव्हां यंत्र भंगारवाल्याला द्यावें, कीं थोडी स्मृति वाढवून 'लिनक्स'सारख्या विनामूल्य प्रणालीवर तें आणखी कांहीं वर्षें चालवावें, हा विचार मध्यम स्थितींतील घरांतून चालू आहे. ज्यांचा दुसरा बेत ठरतो, त्यांची गांठ आजच्या विषयाशीं पडण्याचा संभव असतो.

येथें स्मृति म्हणजे बाजारांत जिला 'रॅम' म्हणतात ती. आपलीं पत्रें व छायाचित्रें जेथें कायम राहतात ती हार्ड डिस्क निराळी. वर्गांतला दाखला द्यावयाचा तर डिस्क ही वही आणि रॅम हा फळा. गणित फळ्यावर सोडवावयाचें. तास संपला, म्हणजे वीज बंद झाली, कीं फळा पुसला जातो. फळा फार लहान असला तर गुरुजींना दर चार ओळींनीं पुसापुशी करावी लागते व तास लांबतो. जुना संगणक मंद चालतो त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें.

आतां हा फळा केवढा आहे, हें यंत्राला कळतें कसें? आपण समजतों कीं तें स्वतःच मोजतें. वस्तुतः बरेंचसें त्याला सांगितलेलें असतें. आय. बी. एम. कंपनीनें १९८१ सालीं आपला पहिला 'पर्सनल कॉम्प्यूटर' बाजारांत आणला, तेव्हां त्याच्या बोर्डावर बारीक खटके असत. स्मृति वाढविली कीं मालकानें सूचनापुस्तकांत पाहून ते खटके योग्य त्या बाजूला सरकवावयाचे. एखादा खटका चुकला, तर बसविलेली स्मृति असून नसल्यासारखी होई. १९८४ सालच्या 'ए. टी.' यंत्रांत ही नोंद सेलवर जगणाऱ्या एका लहानशा चिपमध्यें गेली. पुढें पट्टीवरच आठ पायांची एक इवलीशी चिप बसूं लागली. तिच्यांत त्या पट्टीची सारी कुंडली लिहिलेली असते: आकार केवढा, वेग किती, आडव्या ओळी किती, उभे रकाने किती. यंत्र सुरू होतांच 'बायॉस' नांवाचा त्याचा कारभारी प्रथम ही कुंडली वाचतो, तिच्यावरून स्मृतीची देवघेव पाहणाऱ्या चिपला सूचना देतो, आणि मग सारा हिशेब प्रणालीच्या, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्या, स्वाधीन करतो. पट्टी, ती जिच्यांत बसते ती खोबण, देवघेव पाहणारी चिप, बायॉस आणि प्रणाली अशा पांच हातांतून फिरून आंकडा पडद्यावर येतो. तो कोणत्या हातांतून गळला हें हुडकणें, एवढेंच आपलें काम आहे.

म्हणून पहिलें पाऊल स्क्रूड्रायव्हर हातीं घेण्याचें नव्हे. यंत्र चालू होतांच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायॉसच्या पडद्यावर जावें (कोणती कळ, तें त्या पडद्याच्या तळाशीं क्षणभर लिहून येतें) आणि तेथें दाखविलेली स्मृति कागदावर उतरून घ्यावी. मग प्रणालींत शिरून तेथला आंकडा शेजारीं लिहावा. बायॉसचा आंकडा पूर्ण आणि प्रणालीचा कमी असेल, तर पट्ट्या व खोबणी बहुतकरून निर्दोष आहेत. यंत्र उघडण्याचें कारणच नाहीं. बायॉसचाच आंकडा कमी असेल, किंवा पडदा मुळीं उजळतच नसेल, तर मात्र कॅबिनेट उघडावयाचें. (या कॅबिनेटला सरसकट 'सीपीयू' म्हणण्याची चाल पडली आहे, सीपीयू हा त्याच्या पोटांतला एक चौकोनी तुकडा होय.) हे दोन आंकडे न लिहितां जो यंत्राला हात घालतो, त्याच्या उद्योगाला मी तरी दुरुस्ती म्हणणार नाहीं.

उघडण्यापूर्वीं तार भिंतींतून काढावी; नुसतें बटन बंद करून भागत नाहीं. मग यंत्र सुरू करण्याचें बटन पांच-दहा सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगांतली स्थिर वीजहि उतरवावी. पावसाळ्यांत तिची भीति कमी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत लोकरीचा स्वेटर घालून हें काम करूं नये. खोबणीच्या टोंकांच्या खिट्ट्या बाहेर लोटल्या कीं पट्टी वर येते. तिच्या खालच्या कांठाला सोनेरी दांत असतात. सोन्याला गंज चढत नाहीं हें खरें, परंतु हा मुलामा अतिशय पातळ असतो आणि त्यावर धूळ, बोटांचा घाम व दमट हवा यांचें पुट बसतें. समुद्रकांठच्या गांवीं तें लवकर बसतें. शाळकरी मुलाचा मऊ पांढरा खोडरबर घेऊन दोन्ही अंगांचे दांत हलक्या हातानें, एकाच दिशेनें पुसावे व चुरा झटकून टाकावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ओलें केलेलें स्वच्छ कापड मिळालें तर त्याहून बरें. पॉलिश पेपर मात्र मुळींच वापरूं नये. त्यानें मुलामाच निघून जाईल. खोबणींतील धूळ मऊ ब्रशानें काढावी. तोंडानें फुंकर मारण्याची संवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे, परंतु फुंकरीबरोबर थुंकीचे कणहि आंत जातात.

पट्टी परत बसवितांना तिच्या कांठांतील खांच आणि खोबणींतील उंचवटा हीं जुळलीं पाहिजेत. डीडीआर-२ व डीडीआर-३ या दोन्ही जातींच्या पट्ट्यांना दांत २४०च असतात, परंतु खांच निरनिराळ्या जागीं असते. एकीच्या घरांत दुसरी शिरूं नये एवढ्यासाठींच ही योजना आहे. जेथें पट्टी बसत नाहीं, तेथें बळ लावूं नये. जेथें बसते, तेथें मात्र दोन्ही अंगठ्यांनीं ती सरळ खालीं दाबावी. खोबणीला दोन्हीकडे खिट्ट्या असतील तर त्या 'टक्' असा आवाज करून आपोआप मिटल्या पाहिजेत. एक टक् ऐकूं आला आणि दुसरा आला नाहीं, तर पट्टी तिरपी बसली आहे असें समजावें. माझ्यापुढें आलेल्या पुष्कळशा तक्रारी या दुसऱ्या 'टक्'पाशींच मिटल्या आहेत.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर प्रत्येकाची जबानी निराळी घ्यावयाची. एका वेळीं एकच पट्टी, एकाच खोबणींत. पट्ट्या दोन व खोबणी दोन असतील तर चार प्रयोग होतात. चारहि निकाल लिहून ठेवावे. पट्टी दोषी असेल तर ती जाईल तेथें दोष तिच्यामागें जातो. खोबण दोषी असेल तर दोष जागचा हलत नाहीं. येथपर्यंत सरळ तर्क आहे. परंतु याखेरीज एक तिसरा प्रकार संभवतो, व तो दुकानदारांनाहि पुष्कळदां ठाऊक नसतो. त्यासाठीं आमच्या पेठेंतील वाचनालयांत घडलेली हकीकत सांगणें जरूर आहे.

वाचनालयाचा संगणक २०१० सालीं घेतलेला. 'कोअर टू ड्युओ' जातीचा. आंत जी-४१ नांवाची चिप स्मृतीची देवघेव पाहणारी. स्मृति दोन जीबीची एकच पट्टी. पुस्तकांची यादी व सभासदांचीं खातीं सर्व त्याच यंत्रांत असल्यामुळें एक नांव शोधावयाचें तर दाराशीं रांग लागे. समितीनें चार जीबीची दुसरी पट्टी विकत आणविली. ती बसवितांच पडदा काळा झाला. विकणाऱ्या गृहस्थानें बोर्ड गेल्याचें सांगितलें. नव्या यंत्राला लागणारी रक्कम शिलकेंत एकाच खात्यावर होती, आणि तें खातें बालविभागाच्या पुस्तकखरेदीचें. चिटणीस माझ्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, उद्यां सभा आहे. मुलांचीं पुस्तकें कीं यंत्र, असा पेंच पडला आहे. काय सांगूं?" मीं म्हटलें, "सभा आठ दिवस पुढें ढकला, आणि त्या दोन्ही पट्ट्या मला पाहूं द्या."

चार प्रयोग केले. जुनी पट्टी दोन्ही खोबणींत चालली; म्हणजे बोर्ड गेला नव्हता. नवी पट्टी दोहींपैकीं एकींतहि चालली नाहीं. कोणीहि म्हणेल कीं नवी पट्टी नासकी. परंतु तीच पट्टी खजिनदारांच्या घरच्या, कांहीं वर्षें अलीकडच्या संगणकांत घातली, तों पूर्ण चार जीबी मोजली गेली, आणि रात्रभर परीक्षा घेऊनहि एक चूक निघाली नाहीं. बोर्ड निर्दोष, खोबणी निर्दोष, पट्टीहि निर्दोष; आणि तरी संसार जमत नव्हता!

उलगडा पट्टीवरील काळ्या चिपा मोजल्यावर झाला. नव्या पट्टीला एकाच अंगाला आठ चिपा होत्या. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून चार जीबी म्हणजे बत्तीस गिगाबिट. बत्तीसला आठानें भागलें, तर प्रत्येक चिप चार गिगाबिटांची ठरते. अशा चिपेच्या पोटांत आठ दालनें असतात आणि प्रत्येक दालनांत ६५,५३६ आडव्या ओळी. दोनाचा सोळावा घात तो हाच. म्हणजे ओळीचा क्रमांक सांगण्यास सोळा तारा हव्यात. जी-४१ ही चिप २००८ सालच्या सुमाराच्या पिढींतली. तिच्या काळीं दोन गिगाबिटांपर्यंतच्या चिपा गृहीत धरलेल्या होत्या. त्यांच्या ओळी ३२,७६८, म्हणून तिला पत्त्याच्या तारा पंधराच दिलेल्या आहेत. सोळाव्या तारेवरून मारावयाची हांक तिला मारतांच येत नाहीं. यावर उपाय सोपा निघाला. चार जीबीचीच, पण सोळा चिपांची, म्हणजे दोन्ही अंगांना आठ आठ आणि प्रत्येकी दोन गिगाबिटांची अशी जुन्या घडणीची पट्टी हवी होती. ती वापरलेल्या सुट्या भागांच्या बाजारांत मिळाली. पहिल्याच खेपेस बायॉसनें सहा मोजले.

हा प्रकार कांहीं नवा नव्हे. इंटेल कंपनीची १९९८ सालची ४४०-बीएक्स ही चिप एके काळीं फार नांवाजलेली होती. तिला १२८ मेगाबिटांपर्यंतच्या चिपा समजत. त्यामुळें २५६ एमबीची सोळा चिपांची पट्टी ती पुरती मोजी, आणि तेवढ्याच मापाची, पण दुप्पट दाट अशा आठ चिपांची पट्टी मात्र १२८च मोजी. त्याहूनहि जुन्या पेंटियम यंत्रांत ७२ दांतांच्या पट्ट्या जोडीनेंच बसवाव्या लागत. पट्टीची रुंदी ३२ बिट आणि यंत्राची ६४, म्हणून एकटी पट्टी त्याच्या उपयोगाचीच नसे.

वाचनालयाच्या हकीकतीला मात्र पुढें शेपूट आहे. बायॉसनें सहा मोजले खरे, पण विंडोजच्या पडद्यावर 'सहा, पैकीं वापरण्याजोगे ३.२५' असें लिहून आलें. खजिनदार हिशेबाचे पक्के. ते लगेच म्हणाले, "गुरुजी, पावणेतीन गेले कोठें?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. वाचनालयांतील विंडोज ३२ बिटांची होती. तिला स्मृतींतील प्रत्येक घराचा पत्ता बत्तीस अंकी दुहेरी संख्येनें लिहावा लागतो, आणि अशा संख्या होतात दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. याचाच अर्थ चार जीबी. यापलीकडच्या घरांना क्रमांकच उरत नाहीं. शिवाय आहेत ते क्रमांकहि सर्व स्मृतीच्या वांट्याला येत नाहींत. ज्या गांवांत चारशेंच घरक्रमांक मंजूर आहेत, तेथें देऊळ, चावडी, शाळा व दवाखाना यांना त्यांतलेच क्रमांक दिले, तर राहत्या घरांना तितके कमी उरणार. तसेंच चित्र दाखविणारा भाग व यंत्राचीं इतर उपकरणें चार जीबीच्या आंतलेच पत्ते अडवून बसतात. म्हणून सव्वातीन. पट्टीचा यांत कांहीं अपराध नाहीं, आणि पट्ट्या बदलून तो आंकडा तसूभरहि वाढावयाचा नाहीं. यास तोड एकच, ती ६४ बिटांची प्रणाली. कोअर टू ड्युओला ती चालते. आम्हीं यादी व खातीं आधीं बाहेरच्या डिस्कवर उतरून घेतलीं आणि ६४ बिटांची लिनक्स बसविली. सहाच्या जवळपास आंकडा दिसूं लागला, व बालविभागाचा पैसा पुस्तकांवरच खर्च झाला. सहाच्या जवळपास असें म्हणतों, कारण जी-४१ ही चिप पडद्यावरील चित्रासाठीं कांहीं स्मृति आपल्याकडे राखून ठेवते. तेवढी तूट दोष नव्हे.

६४ बिटांची प्रणाली असूनहि कमी दिसत असेल तर कांहीं किरकोळ गोष्टी पाहाव्या. विंडोजमध्यें 'एमएसकॉन्फिग' नांवाचा भाग आहे. त्यांतील बूट या सदरांत कमाल स्मृतीचा एक चौकोन असतो. त्यावर कोणीं खूण करून ठेवली असेल तर ती काढून यंत्र पुन्हां सुरू करावें. 'विंडोज ७'च्या स्वस्त आवृत्त्यांना मुळांतच मर्यादा होत्या: स्टार्टर आवृत्तीला दोन जीबीची, ६४ बिटांच्या होम बेसिकला आठ जीबीची. कांहीं बायॉसमध्यें 'मेमरी रिमॅप' असें कलम असतें, तें चालू असावें. २००५ सालच्या ९४५ जातीच्या चिपांना मात्र ही सोयच नव्हती. त्यांच्या बोर्डावर चार जीबी बसवून कोणतीहि प्रणाली घातली तरी चार पुरे वापरतां येत नाहींत.

सेलविषयींहि दोन शब्द. बोर्डावर रुपयाएवढा चपटा, सीआर २०३२ या क्रमांकाचा, तीन व्होल्टचा सेल असतो. पट्टी बदलल्यावर बायॉस जुन्या नोंदींना चिकटून बसला, तर तार काढून तो सेल कांहीं मिनिटें बाहेर ठेवावा. नोंदी पुसल्या जातात व मोजणी नव्यानें होते. घड्याळ दर वेळीं जुन्या सालावर जात असेल तर सेल संपला आहे, नवाच घालावा.

आणखी अलीकडच्या, म्हणजे कोअर आय-५ वगैरे जातींच्या यंत्रांत स्मृतीचा कारभार सीपीयूच्याच पोटांत गेला आहे. तेथें एखादी खोबण मेल्यासारखी दिसली, तर दोष सीपीयूच्या खालच्या बैठकींत असूं शकतो. इंटेलच्या त्या बैठकींत केंसासारख्या शेंकडों पिना असतात. एक वांकली तरी एका बाजूच्या साऱ्या पट्ट्या अदृश्य होऊं शकतात. हें काम मात्र घरीं करूं नये. भिंगाखालीं काम करणाऱ्या कारागिराकडे जावें.

रात्रभराची परीक्षा म्हणून मघाशीं म्हटलें, ती 'मेमटेस्ट ८६ प्लस' या विनामूल्य साधनाची. तें पेनड्राइव्हवर उतरवून त्यावरून यंत्र सुरू केलें कीं तें स्मृतीच्या प्रत्येक घरांत कांहीं लिहितें, पुन्हां वाचतें आणि ताडून पाहतें. शाळेंत शंभरांपैकीं नव्याण्णव गुण मिळविणाऱ्याची आपण पाठ थोपटतों. येथें एक चूक निघाली तरी पट्टी नापास समजावी, कारण ती चूक उद्यां आपल्या हिशेबाच्या कागदांत उतरेल.

चांगली म्हणून सिद्ध झालेली व त्या बोर्डाला मानवणारी पट्टी स्वच्छ करून, नोंदी पुसून, सर्व खोबणींत घालून पाहिली आणि तरीहि पडदा उजळला नाहीं, म्हणजे मग बोर्डाविषयीं शंका घेण्यास जागा आहे. नवी पट्टी आणण्यास जातांना जुनी पट्टी कागदाच्या पाकिटांत घालून बरोबर न्यावी. पट्टीची जात, तिच्यावरील चिपांची संख्या, बोर्डाचें नांव आणि बोर्डावरील चिपेचें नांव एका चिठ्ठीवर लिहून न्यावें, आणि या बोर्डांत पट्टी न चालल्यास परत घेऊं एवढें वाक्य दुकानदाराकडून पावतीवर लिहवून घ्यावें.